रायफल कोल्हापुरात, मी अबुधाबीत

मी अबुधाबीत राहतो आणि माझी रायफल कोल्हापुरात. पहिली चूक ही. ती कळायला मला दहा वर्षं लागली, कारण मधल्या काळात मी बाकीच्या चुका करण्यात गुंतलो होतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. रायफलीचा विषय निघाला की मंडळाच्या गणपतीत भेटणारी माणसं एक पाऊल मागे सरकतात. माझी रायफल .22 ची, बोल्ट-अ‍ॅक्शन. मूठ उचलून मागे ओढायची, रिकामी पुंगळी उडते. पुढे ढकलून खाली दाबली की पुढचं काडतूस नळीत बसतं. गोळी अडीच ग्रॅमच्या जरा वर. हिनं पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची, एवढंच काम. त्या कागदावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. गोळी स्वतः 5.6 मिलिमीटर जाड. खेळ किती बारीक आहे ते यावरून कळावं.

कॉलेजात एनसीसीत असताना पंचवीस यार्डांवर पाच गोळ्यांचं ग्रुपिंग केलं होतं. उस्तादांनी कागद हातात धरून, रुपयाचं नाणं वर ठेवून पाचही भोकं झाकून दाखवली होती. त्या एका कागदावर मी पुढची वीस वर्षं स्वतःला नेमबाज समजत आलो.

2013 साली, अबुधाबीची नोकरी पक्की व्हायच्या आधी, परवाना हातात होता म्हणून रायफल घ्यायला गेलो. 1980 च्या दशकात आयातीवर निर्बंध आल्यापासून आपल्याकडे जुन्या परदेशी रायफली हातोहात फिरतात आणि नव्याच्या भावात विकल्या जातात. माझ्या खिशाला झेपतील अशा दोनच होत्या. एक जाड नळीची, बोजड, दस्त्यावर घामाचे काळे डाग, मागे डोळा लावायची भोकाची साइट. कुण्या नेमबाजानं वर्षानुवर्षं वापरलेली. दुसरी सडपातळ, अक्रोडाचा चकचकीत दस्ता, त्यावर कोरीव जाळी. मी दुसरी घेतली. शिंगं बघून बैल घेणाऱ्याला आमच्या गावात हसतात. मी तेच केलं, फक्त शिंगांना पॉलिश होतं. बारीक नळीची हलकी रायफल डोंगरातून चालणाऱ्या शिकाऱ्यासाठी असते. पालथं पडून साठ गोळ्या मारणाऱ्याला वजन हवं असतं, कारण वजनामुळे रायफल जागची हलत नाही. हे दुकानदारानं सांगितलंही होतं. मला वाटलं, पडून राहिलेला माल खपवतोय.

कंपनीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हताच.

अबुधाबीला आल्यावर रायफल कोल्हापुरातल्या अधिकृत दुकानात जमा केली. वर्षाला तीस दिवसांची रजा, त्यात लग्नं, बारशी, बँका आणि दाताचा डॉक्टर. रायफलीच्या वाट्याला चार सकाळी यायच्या. उरलेले अकरा महिने मी तिच्यावर विचार करायचो, आणि हातात नसलेल्या वस्तूवर माणूस विचार करायला लागला की खर्च सुरू होतो. आखातातला माणूस घरी वस्तू पाठवतो. आईला मिक्सर, भावाला मोबाइल. मी रायफलीला अपग्रेड पाठवायला लागलो.

पहिला आला स्कोप. 2015 च्या रजेत पुण्यात घेतला: चोवीसपट मोठं दाखवणारा, पुढची काच पन्नास मिलिमीटरची, किंमत रायफलीच्या निम्मी. दिसायला जबरदस्त. एवढी मोठी काच नळीवर बसवायची तर माउंट उंच लागतात, माउंट उंच झाले की डोळा वर जातो, डोळा वर गेला की गाल दस्त्यावर टेकत नाही. गाल अधांतरी ठेवून मी चार सकाळी मान दुखवून घेतली. त्यात तो स्कोप शंभर यार्डांसाठी जुळवलेला. पन्नास मीटरवर डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी फुली कागदावर सरकायची. मी नेम धरत होतो की फुलीचा पाठलाग करत होतो, कोण जाणे. या सगळ्यावर कडी म्हणजे, ज्या पन्नास मीटरच्या स्पर्धेची मी स्वप्नं बघत होतो तिच्या नियमांत स्कोप चालतच नाही. भोकाची साइट लागते. तीच, जी त्या बोजड रायफलीवर होती.

नियमाचं पुस्तक फुकट मिळतं. मी ते स्कोप घेतल्यानंतर तीन वर्षांनी वाचलं.

आता जी गोष्ट सांगतो ती माझ्या ऑफिसातल्या पोरांनी वाचू नये अशी इच्छा आहे. मी मेकॅनिकल मेंटेनन्सचा माणूस. अबुधाबीतल्या मुसफ्फाच्या वर्कशॉपात फ्लँजचे बोल्ट आवळल्याच्या नोंदींवर सही माझी असते. बोल्ट समोरासमोरचे घ्यायचे, टप्प्याटप्प्यानं आवळायचे, टॉर्क रेंच वापरायचा, शेवटी मार्करची रेघ ओढायची, म्हणजे ढिला पडला तर दिसतो. कुणी अंदाजानं पाना फिरवला तर मी काम थांबवतो. आणि 2017 च्या जुलैत मी स्वतः काय केलं? रायफलीचा नळी-बोल्टचा सांगाडा लाकडी दस्त्याला जेमतेम दोन स्क्रूंनी धरलेला असतो. ग्रुप फाकतोय म्हणून मी ते दोन स्क्रू एल-कीनं, दात ओठ खाऊन आवळले. बसला एकदाचा, असं मनात म्हणून. दुसऱ्या दिवशी ग्रुप अडतीस मिलिमीटरचा बावन्न झाला. मग अजून थोडा आवळला.

रायफल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे नेली तेव्हा त्यांनी स्क्रूला ड्रायव्हर लावला, अर्धा फेरा मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘साहेब, ह्ये आवळलंय का पिळलंय?’’ लाकूड दबून स्क्रूभोवती बशीसारखा खळगा पडला होता. सांगाडा वाकडा ताणला जात होता आणि गोळी सुटताना प्रत्येक वेळी वेगळा थरथरत होता. शिवाय पावसाळा. मे महिन्यात दस्ता आणि नळी यांच्यामधून नोट आरपार सरकत होती. नळी दस्त्याला कुठे टेकू नये म्हणून ती फट मीच घासून ठेवली होती. कोल्हापूरच्या जुलैत लाकूड फुगलं आणि डाव्या अंगानं नळीला चिकटलं. मिस्त्रींनी माझ्या पाकिटातली पाच दिरहमची नोट मागून घेतली, फटीत घातली. चार बोटं गेली आणि अडकली. ‘‘वाळवंटात बसून पावसाचा अंदाज बांधताय व्हय,’’ म्हणाले.

ते एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. त्यांनी कान साफ करायची, कापूस लावलेली काडी घेतली, नळीच्या तोंडाच्या कडेवरून आतून बाहेर हलकेच फिरवली आणि काडी उजेडात धरली. दोन धागे कडेला अडकून लोंबत होते. ‘‘सफाई पुढनं करता का?’’ करत होतो. एनसीसीत जुन्या रायफली दोरी ओढून साफ करायचो, ते विसरून मी लोखंडी गज पुढच्या तोंडातून घालत होतो, तोही दर पन्नास गोळ्यांनी. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. कड एका बाजूनं झिजली की मागून सुटणारा वायू गोळीला एका बाजूनं धक्का देतो. बोल्ट-अ‍ॅक्शनची सोयच ही, की बोल्ट काढला की मागून सरळ गज जातो. आणि .22 च्या नळीला इतकी घासपूस लागतही नाही. गोळीवरच्या मेणाचा पातळ थर आत बसला की ती उलट एकसारखी मारते. मी दर वेळी तो थर काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होतो. स्वच्छतेचा इतका तोटा आयुष्यात दुसरीकडे कुठे झाला नाही.

मिस्त्रींनी कड नव्यानं कातून दिली, स्क्रू दोन बोटांत बसेल एवढ्या जोरानं आवळले आणि सहज म्हणून चार वेगवेगळ्या खोक्यांतली काडतुसं माझ्याकडून मारून घेतली. तीच रायफल, तोच हात, तीच सकाळ. एका खोक्यानं पाच गोळ्या चाळीस मिलिमीटरवर पसरल्या, दुसऱ्यानं एकोणीसात आणल्या. .22 ची प्रत्येक नळी आपल्या आवडीचं काडतूस निवडते, कधी कधी एकाच कंपनीचा एक लॉट चालतो आणि दुसरा नाही, हे नेमबाजांच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मी चार वर्षं दुकानात जे स्वस्त मिळेल ते घेत होतो आणि उरलेले पैसे स्कोपात घालत होतो.

चापाचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्याची अजून लाज वाटते. चाप हलका करायचा म्हणून मी त्याचा स्क्रू फिरवत गेलो. इतका, की रिकाम्या रायफलीचा बोल्ट जरा जोरात लावला तर चापाला हात न लावता घोडा पडला. रिकामी होती, तोंड भिंतीकडे होतं, घरात कुणी नव्हतं. ही तीन वाक्यं मी त्या रात्री बऱ्याच वेळा मनात म्हटली. तेव्हापासून चापाला फक्त मिस्त्रींचा हात लागतो.

एवढं होऊनही माणूस सुधारला असता तर हा लेख इथेच संपला असता. 2021 साली मी नवा दस्ता करायला घेतला. मुसफ्फाच्या ऑफिसात, सुट्टीच्या दिवशी, संगणकावर नकाशा काढला. चापापासून खांद्याच्या पट्टीपर्यंत 345 मिलिमीटर, गालाची पट्टी इतकी उंच, मूठ इतक्या अंशांत. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हाताची मापं घेतली होती. मिस्त्रींनी नकाशाबरहुकूम शिसवी दस्ता केला, अप्रतिम. त्याच वर्षी माझ्या पुतणीनं दुधाळीच्या रेंजवर जायला सुरुवात केली. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांचा सराव झालेली ती रेंज. कोल्हापुरात नेमबाजीचं वेड तिथून घरोघरी जातं. तेजस्विनी 2010 साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनची, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराची, जगज्जेती झाली तेव्हा पुतणी शाळेत जायला लागली होती. मी फोनवर म्हणालो, ‘‘रायफल तुझीच समज.’’ पोरगी पाच फूट एक इंच. माझ्या मापाचा दस्ता तिच्या खांद्याला लावला की बोट चापापर्यंत पोचायला तिला मान आणि खांदा दोन्ही पुढे ताणावे लागायचे. बिचारी दोन वर्षं काही बोलली नाही. काकानं एवढ्या हौसेनं करून घेतलंय!

ती का बोलत नसावी ते मला नोव्हेंबर 2022 मध्ये अल ऐनला उमगलं. अबुधाबीहून दीड तासावर. तिथल्या क्लबात दिव्यांग नेमबाजांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती, मी एक दिवस बघायला गेलो. रायफल पेलवत नाही अशा खेळाडूंसाठी स्प्रिंगच्या आधाराचा स्टँड असतो. कुणी व्हीलचेअरवर बसून, कुणी समोरच्या फळीवर कोपरं टेकून. नेमबाजीच्या आधी अर्धा तास चालली होती ती नुसती जुळवाजुळव. गालाची पट्टी दोन मिलिमीटर वर, खांद्याची पट्टी जरा बाहेर, पुन्हा डोळा लावून बघायचं, पुन्हा खाली. माणूस आहे तसा आधी नीट बसवायचा आणि मग रायफल त्याच्यापर्यंत आणायची. मी आणि माझा नकाशा उलट्या वाटेनं निघालो होतो.

त्याच साली अबुधाबीतल्या शिकार आणि घोडेस्वारीच्या प्रदर्शनातही गेलो होतो. 2003 पासून भरतं, मोठं असतं. ससाण्यांचे लिलाव, उंटाच्या कातड्याची सामग्री, आणि एका अख्ख्या दालनात रायफली. कंदुरा घातलेले बाप पोरांना घेऊन आलेले, हातात परवानग्यांची कागदपत्रं. फिनलंडच्या दोन रायफली शेजारी शेजारी होत्या, साको आणि टिक्का. दोन्ही रिहिमाकी गावच्या एकाच कारखान्यातल्या, नळी घडवायची रीतही तीच. टिक्का बरीच स्वस्त. फरक दस्त्यात, चकाकीत, बारीकसारीक कामात. चांगला कारखाना स्वस्त मालात नळीवर काटकसर करत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. म्हणजे माझ्या रायफलीतली सगळ्यात चांगली वस्तू कारखान्यातूनच आली होती, आणि तिच्या तोंडाशी मी गज घेऊन भिडलो होतो. किंमत विचारली तर विक्रेत्यानं हसून आधी परवान्याचं विचारलं. मी माहितीपत्रक घेऊन बाहेर आलो.

परवान्यावरून आठवलं. 2023 च्या रजेत पुतणीला घेऊन दुकानात गेलो आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, मी नसताना हिला रायफल देत जा. दुकानदारानं मान हलवली. परवाना माझ्या नावावर, तर रायफल वापरणार मी. मी परदेशात असताना दुसऱ्यानं ती रेंजवर नेऊन चालवायची नाही, सख्खी पुतणी असली तरी. दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी लेखी अधिकारपत्रावर नेता येते, चालवायला नाही. कायदा 1959 सालचा आहे, मी परवाना 2012 साली घेतला. एवढ्या वर्षांत परवान्याची मागची बाजू वाचली नव्हती. ती दोन वर्षं पोरगी क्लबच्या रायफलीवरच सराव करत होती. माझी रायफल तिच्या वाट्याला फक्त माझ्या रजेतल्या चार सकाळी येत होती, त्याही न बसणाऱ्या दस्त्यासह.

मग डिसेंबर 2023. अबुधाबी विमानतळाचं नवं टर्मिनल सुरू होऊन महिनाच झालेला. इथल्या क्लबात मी भाड्याच्या रायफलीवर महिन्यातून एकदा सराव करतो. तिथलं माझं जुनं शूटिंग जॅकेट पुतणीला द्यायला बॅगेत घेतलं होतं. बॅग यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. परत मागे गेला. पुन्हा पुढे. एका अधिकाऱ्यानं मला बाजूला घेतलं, जॅकेटच्या आतल्या खिशाच्या शिवणीत दोन बोटं घातली आणि एक .22 ची पुंगळी काढली. रिकामी, पितळी, जेमतेम पंधरा मिलिमीटर लांब. मी स्वतः ती ठेवली होती, की जॅकेटमध्ये उडून पडली होती, हे मला आजही सांगता येत नाही, आणि तिथे तर अजिबात सांगता येईना. या देशात हत्यारं-दारूगोळ्याचा 2019 चा कायदा कडक आहे आणि असायलाच हवा. दोन तास बसलो. क्लबाचं सभासदपत्र, जुन्या पावत्या, लेखी जबाब. सगळे सौजन्यानं वागले, त्यामुळे जास्तच शरम वाटली. विमान उडायच्या आधी सोडलं. तेव्हापासून रेंजवर नेलेली कोणतीही वस्तू, बॅग, पॅन्ट, बूटसुद्धा, मी प्रवासाला वापरत नाही. हे मात्र तुम्हीही कराच. भारतातल्या विमानतळांवरही विसरलेल्या एका काडतुसापायी माणसं अडकलेली आहेत.

2024 ची रजा एप्रिलअखेर घेतली. दस्ता कापून पुतणीच्या मापाचा करायचा, साइट बदलायची, सगळं ठरलं होतं. दुकानात गेलो तर लोकसभेची आचारसंहिता. कोल्हापूरचं मतदान 7 मेला, निकाल 4 जूनला, माझं परतीचं तिकीट 20 मेचं. निवडणुकीत परवान्याची हत्यारं जमा असतात. खेळाडूंना सूट मागता येते, पण तिचा अर्ज आधी करावा लागतो. रायफल काचेआड दिसत होती. मी तिला बघून आलो.

1 ऑगस्टला गुरुवार होता. साइटवरच्या पोर्टाकॅबिनमध्ये अकराच्या चहानंतर मोबाइलवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पन्नास मीटर थ्री पोझिशनची अंतिम फेरी मारत होता. 451.4, कांस्य. रायफलीच्या या प्रकारात भारताचं पहिलंच ऑलिंपिक पदक. माझ्यासोबत एक केरळचा फोरमन आणि एक पाकिस्तानी फिटर बघत होते. फिटरनं विचारलं, ‘‘तुमच्या गावचा?’’ मी म्हटलं, जवळचा. पुतणीला फोन लावला, ती रेंजवरच होती, तिथे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शांतपणे बोललो. पहिल्यांदा तिला विचारलं, तुला काय हवंय. ती म्हणाली, ‘‘काका, एकाच लॉटची दोन हजार काडतुसं. आणि दस्ता जुनाच चालेल, तो आखूड होता.’’

आता परवाना तिच्या स्वतःच्या नावाचा झाला आहे आणि रायफल तिच्या नावावर करण्याचा अर्ज दिला आहे. अक्रोडाचा तो जुना चकचकीत दस्ता मिस्त्रींनी बारा मिलिमीटर कापून, आतून सांगाडा नीट बसवून परत लावला. दोन्ही स्क्रूंवर पांढऱ्या मार्करची रेघ आहे; ती मी ओढली, एवढं एक काम माझ्या हातचं. रायफलीवर आता भोकाची साइट आहे. शिसवी दस्ता कपाटावर आहे, तो कुणाच्याच मापाचा नाही.

स्कोप मात्र अजून मूळ खोक्यात आहे, काचेवर ओरखडा नाही, पुण्याचं बिल सोबत. कुणी शंभर मीटरवर मारणारा परवानाधारक असेल तर त्यानं जरूर कळवावं. किमतीत घासाघीस चालेल.